माझ्या वाटणीचं ऊन

१२ फेब्रुवारी

धाकट्या,

पत्रास कारण, तू फोन उचलत नाहीस. उचललास तर "ताई, मीटिंगमध्ये आहे" म्हणून ठेवतोस. पत्राला मीटिंग नसते. ते तुझ्या टेबलावर पडून राहील आणि येता-जाता तुला दिसेल, तेवढं मला पुरे.

काल संध्याकाळी दुकानातून आले, दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकले. जेवणाच्या टेबलावर ऊन पडलं होतं. त्या टेबलावर ऊन पडलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. आई खुर्चीत बसली होती, डोळ्यांवर हात धरून. म्हणाली, "अगं, एवढे दिवे कुणी लावले? घालव की थोडे."

दिवे नव्हते. मागच्या दारचा शिरीष नव्हता.

मागच्या दारी गेले. तारेच्या कुंपणापलीकडे, तुझ्या बाजूला, नुसता बुंधा उरला होता. लाकूड आतून पांढरं, ओलं, ठणठणीत. ओंडके केव्हाच गाडीत भरून गेले होते. भुशाच्या ढिगाशेजारी तुझ्या बांधकामाचा मुकादम चहा पीत बसला होता. मी विचारलं, "कुणाला विचारून कापलंत?" तो म्हणाला, "साहेबांची जागा, साहेबांचं झाड. तुम्हाला सांगितलं असेल की त्यांनी."

नाही सांगितलं. तू सांगितलं होतंस ते वेगळंच. बाबा गेल्यावर तू वाटणी मागितलीस. मोजणीवाल्यानं दोरी टाकली आणि झाड अन् विहीर दोन्ही तुझ्या अर्ध्यात गेली. तेव्हा विहिरीच्या कठड्यावर बसून तूच म्हणाला होतास, "ताई, झाड आहे तिथंच राहील. आणि पाणी काय, तुझंच आहे." मी मान डोलावली. पाठच्या भावाकडून लेखी कोण मागतं?

आईला मी सांगितलं की झाडाला कीड लागली होती, आतून पोखरलं होतं, वाऱ्यात घरावर पडलं असतं, म्हणून नगरपालिकेनं तोडलं. ती पदराची घडी करत राहिली. मग म्हणाली, "हो का? मग बरंच झालं." तुझं नाव मी काढलं नाही. तुझ्यावर उपकार म्हणून नव्हे. तिला आता फार थोडं दिसतं, आणि त्या थोड्यात तू चांगला दिसतोस. तेवढं राहू दे म्हटलं.

फोन कर. मला नको, तिला.

ताई


२० मार्च

धाकट्या,

तू फोन केलास म्हणे. आई दिवसभर तेच घोकत होती. "सोन्याचा फोन आला, सोन्याला खोकला झालाय." ठीक आहे. खोकल्याला जप.

इकडची हकिगत अशी की आईची बाग संपली. तुला ती आठवत असेल असं नाही, तू बागेत जायचास ते हरवलेला चेंडू शोधायला. नेचे, बिगोनिया, अंथुरियम, सगळी शिरीषाच्या सावलीत जन्मलेली आणि वाढलेली. ऊन म्हणजे काय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आधी पानांच्या कडा तपकिरी झाल्या, मग पानं आत वळली. आईच्या डोळ्यांचा पडदा खराब झाल्यापासून तिला समोर नुसता डाग दिसतो, कडेकडेनं काय ते दिसतं. बाकीचं ती बोटांनी बघते. परवा सकाळी व्हरांड्यात बसून तिनं नेच्याला हात लावला आणि जुन्या कागदासारखा त्याचा चुरा तिच्या मांडीवर पडला.

"हे काय गं?"

"उन्हाळा आहे आई."

"उन्हाळे मी पाहिलेत," ती म्हणाली आणि चुरा झटकत राहिली.

जगातल्या लोकांच्या चष्म्याच्या काचा घासून मी फ्रेममध्ये बसवते. गिऱ्हाईक आरशात बघून म्हणतं, "वा, किती स्वच्छ दिसतंय!" आईला दिसेल अशी काच आमच्या दुकानात नाही, कुठल्याच नाही.

विहिरीवर तुझ्या माणसांनी लोखंडी झाकण टाकून कुलूप लावलंय. किल्ली मागायला गेले तर मुकादम म्हणतो, "लहान मुलं पडतील, साहेबांनी सांगितलंय." मी म्हटलं, "माझ्या केसांकडे बघा, मी लहान मूल दिसते का?" हसला. किल्ली दिली नाही. नळाला एक दिवसाआड पाणी, त्याची धार करंगळीएवढी. म्हणजे झाड तुझं, पाणी तुझं आणि ऊन तेवढं माझ्या वाटणीला आलं. सगळंच्या सगळं. त्यात मात्र तू हिस्सा मागितला नाहीस.

सुट्टीच्या दिवशी नर्सरीत गेले. नर्सरीवाली बोलघेवडी आहे, मालाचं कौतुक करताना तिला श्वास घ्यायची गरज पडत नाही. मी म्हटलं, "दिवसभर ऊन आहे. पाणी नसल्यात जमा. आणि जिच्यासाठी लावायचं तिला धड दिसत नाही."

"मग गुलाब विसरा."

"विसरले."

"हिरवळ विसरा."

"तीही विसरले."

"भराभर विसरता हो तुम्ही!"

"सवय आहे," मी म्हटलं.

तिनं मला बोगनवेल दाखवली, रंग असा भडक की आईला डागाच्या कडेनंही दिसावा. म्हणाली, हिचे लाड करू नका, पाणी जास्त झालं की नुसती पानं काढते आणि रोडावली की फुलते. मग घाणेरी. नाव ऐकून आई नाक मुरडेल, पण एकाच गुच्छात पिवळं आणि केशरी. सदाफुली घेतली. जमिनीलगत पसरणारा चिनी गुलाब घेतला, तो ऊन आलं की उघडतो आणि गेलं की मिटतो. चुरगाळल्यावर वास येतो म्हणून ओव्याच्या पानाची दोन रोपं, खास आईच्या बोटांसाठी. आणि फुगीर बुंध्याची चार अडेनियमं, तिच्या आग्रहाखातर.

कण्हेर मात्र परत ठेवली. देखणी आणि काटक, पण अंगभर विष, आणि आई प्रत्येक पान नाकाशी नेते. "मग ही लावतात तरी कुठं?" मी विचारलं. बाई म्हणाली, "ज्यांच्याशी पटत नाही त्यांच्या कुंपणाला." क्षणभर विचार केला, खोटं कशाला बोलू.

निघताना तिनं दोन गोष्टी बजावल्या. एक, ही झाडं दुष्काळ सोसतात याचा अर्थ त्यांना पाणी लागत नाही असा नाही. पहिल्या वर्षी द्यावंच लागतं, अधूनमधून पण भरपूर, म्हणजे मुळं पाण्याच्या मागे खोल जातात. रोज शिंपडत बसलं तर ती वरच्या वर रेंगाळतात. दुसरं, हे दिवस लावणीचे नव्हेत, पावसाच्या तोंडावर लावा. मी म्हटलं, "तोवर आईनं कशाला हात लावायचा?" त्यावर तिनं रोपं बांधून दिली.

किल्लीचं बघ.

ताई


१८ एप्रिल

धाकट्या,

आपलं अंगण इतकं कडक असेल असं वाटलं नव्हतं. पहिल्याच घावाला टिकाव उडून आला. खाली शिरीषाची मुळं अजून तशीच आहेत, कुंपण ओलांडून माझ्याकडे आलेली. त्यांना तुझी दोरी दिसली नसावी. माती मोकळी व्हावी म्हणून तिच्यात जाड वाळू आणि खडी मिसळली. खडी तुझ्या ढिगातली. मुकादमाला विचारून घेतलेली नाही.

जास्त तहानेची रोपं स्वयंपाकघराच्या दाराशी लावली, तिथं भाज्या धुतलेलं पाणी पोचतं. कमी तहानेची लांब, कुंपणाकडे. भोवती खडी पसरली, खाली ओल टिकते. पाठ अशी धरली की दुकानात मशीनवर वाकता येईना. मालक म्हणाले, "या वयात बागकाम?" म्हटलं, "या वयात दुसरं कुणी सांगतंय का काही करायला?"

अडेनियमं पहिल्या आठवड्यातच भाजली. पानं पांढरी पडून गळली. मी तावातावानं नर्सरीत गेले. "ऊन सोसतात म्हणालात ना?" तर म्हणे, "सोसतात की. पण आमच्याकडे ती हिरव्या जाळीखाली होती. एकदम भर उन्हात नाही ठेवायची. जुनी चादर बांधून हळूहळू सवय करायची." मी म्हटलं, "हे आधी सांगायचं नाही?" "तुम्ही विचारलंत कुठं?" असं तिचं उत्तर. तुमच्या दोघांचं छान जमेल.

चादर बांधली. पालवी फुटली. आणि मग बुंधे मऊ पडायला लागले. दाबलं की बोट आत जायचं. मला कळेना, पाणी तर मी देतच नव्हते. एक दिवस दुकान लवकर बंद झालं, घरी आले तर आई भिंत चाचपत चाचपत चाललेली, हातात न्हाणीघरातला मग. प्रत्येक रोपाशी वाकायची, हातानं बुंधा शोधायची आणि पाणी ओतायची. मग परत आत जाऊन भरून आणायची.

"आई, त्यांना नको असतं पाणी."

"सगळ्यांनाच हवं असतं. काही जण मागत नाहीत, एवढंच."

मी फार बोलले तिला. नको तितकं बोलले. उन्हानं भाजलेली जगली होती, तुझ्या पाण्यानं मेली, असं म्हणाले. तिनं हातातला मग खाली ठेवला आणि दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. चारही अडेनियमं उपटून टाकली.

तुझं पार्सल मिळालं. मला वाटलं, किल्ली असेल. उघडलं तर प्लास्टिकच्या हिरवळीची गुंडाळी. सोबत चिठ्ठी, "ताई, उगाच दगदग करू नकोस. हे अंथर. ना पाणी, ना कटकट." आईनं त्याच्यावर हात फिरवला आणि तिचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! "किती मऊ गं! सोन्यानं पाठवलं?"

गुंडाळी जिन्याखाली ठेवलीय. ती मी अंथरणार नाही.

ताई


९ मे

हे मी दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितेय. मायना घालायची इच्छा नाही.

तू आईला फोनवर विचारलंस, "अंथरली का गं हिरवळ?" ती म्हणाली, "ताई अंथरू देत नाही." मग तू मुकादमाला फोन केलास. हे सगळं मला मुकादमानंच सांगितलं, मान खाली घालून. मी दुकानात असताना तो आला, जिन्याखालची गुंडाळी काढली आणि व्हरांड्यापुढं अंथरून गेला. आई खूश झाली. भर दुपारी, अनवाणी, ती त्याच्यावर येरझारा घालत राहिली.

साखरेनं तिचे तळवे केव्हाच बधिर झालेत. हे तुला माहीत होतं. तिच्या टाचेत टाचणी रुतली होती आणि तिला पत्ता नव्हता, हे तुला मीच सांगितलं होतं आणि तू "अरे बापरे" म्हणाला होतास.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या प्लास्टिकला हात लावून बघितला. हात ठेवता येईना. तिला मात्र ते मऊ लागत होतं.

ती फिरली त्याच संध्याकाळी मी आले तर फरशीवर ओले ठसे होते, दारापासून खुर्चीपर्यंत. वाटलं, पुन्हा पाण्याचा मग घेऊन फिरली. रागानं पुसायला घेतले. ते पाणी नव्हतं.

डॉक्टरांनी जखम बघून पहिला प्रश्न मला केला, "तुम्ही घरी नव्हतात का?" डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागतील म्हणतात. जास्त पसरलं नाही तर.

तुझा फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. ती तुला म्हणाली, "काही नाही रे, जरा चटका बसलाय. तू नको येऊस, तुझा स्लॅब आहे ना?" आणि तू आला नाहीस. आईची आज्ञा तू कधी मोडली नाहीस, हे मान्य करायला हवं.

फोन ठेवल्यावर माझा तोल गेला. मी सगळं ओकून टाकलं. म्हटलं, "त्या झाडाला कीडबीड काही नव्हती. नगरपालिका वगैरे कुणी आलं नव्हतं. तुझ्या सोन्यानं कापलं ते. तुला वाईट वाटू नये म्हणून मी खोटं बोलले."

ती म्हणाली, "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"त्यानं आधी विचारलं होतं मला. म्हणाला, आई, झाड आड येतंय. मी म्हटलं, काप बाबा, तुझी जागा आहे. ताईला सांगू नकोस, ती मोडता घालेल."

"मग मी कीड लागली म्हणाले तेव्हा?"

"तू इतकं मनापासून सांगत होतीस," आई म्हणाली. "कशाला मोडायचं म्हटलं."

मी बाहेर येऊन या बाकावर बसले. मी तुला तिच्यापासून वाचवत होते आणि ती तुला माझ्यापासून. घरात दोन बायका, दोघी तुझ्या पहाऱ्यावर. एवढं सगळं असताना तुला भीती तरी कशाची वाटत होती रे? एकदा समोर येऊन बोलला असतास तर मी काय केलं असतं? ओरडले असते, रडले असते, आणि दुसऱ्या दिवशी तुझ्या माणसांना चहा करून दिला असता. मला तू ओळखतोस.

संमतीच्या कागदावर सही मीच केली आहे. ऑपरेशन परवा आहे.


२ सप्टेंबर

धाकट्या,

तू येऊन गेलास, तेव्हा बोलणं झालंच नाही. म्हणजे तू बोललास. बायकोला बाग दाखवलीस, फोटो काढलेस, बोगनवेलीपाशी उभा राहून म्हणालास, "ताई, मस्त केलंयस गं! आमच्याकडेही असंच काहीतरी लावून दे. कमी कटकटीचं."

बाग खरंच धरलीय. यंदा पाऊस नावालाच झाला, तरी सदाफुली थांबायचं नाव घेत नाही. घाणेरीवर फुलपाखरं येतात. आई खुर्ची थेट चिनी गुलाबाच्या वाफ्याशी ओढून घेते आणि मान वाकडी करून डोळ्याच्या कडेनं बघत बसते. "आज गुलाबी जास्त आहे," म्हणते. बरोबर असतं तिचं. ओव्याच्या रोपांना तिनं इतकं चुरगाळलंय की ती बुटकीच राहिली.

जाताना तू विहिरीची किल्ली टेबलावर ठेवलीस, जणू भेट आणली होतीस. वरातीमागून घोडं. झाडांची मुळं आता खाली गेली आहेत.

एक गोष्ट मी बघितली. आईनं पाय खुर्चीखाली घेतला होता, मोजा घालून. तू त्या मोज्याकडे एकदाही बघितलं नाहीस. सगळीकडे बघितलंस, छताकडेसुद्धा.

आणि ती म्हणाली, "सोन्या, तुझ्या नव्या घरात खाली खोली आहे का रे? मला जिने नाही चढवत." तू म्हणालास, "हो हो, आहे ना खाली खोली." एवढंच म्हणालास, मला ते चांगलं आठवतं. आईनं पुढचं स्वतःच ऐकलं. तुझी गाडी वळली नाही तोवर तिनं मला बॅग काढायला लावली. पातळं निवडली, जुनी बाजूला काढली. "तिथं बरं दिसायला हवं," म्हणाली. मग जरा थांबून, "तू एकटी राहशील ना गं? तुला सवय आहे म्हणा."

मी हो म्हटलं. खरं सांगू? वाईट वाटलं आणि हायसंही वाटलं. रोज ड्रेसिंग करताना ती माझ्याशी तुझ्याबद्दल बोलत असते. तिचा पाय माझ्या मांडीवर आणि तोंडी तू. कधीकधी वाटतं, पट्टी टाकून निघून जावं.

तुला खरंच न्यायचं असेल तर लवकर ने. नसेल तर तसं तिला सांग. तिला, मला नव्हे.

ताई


२८ डिसेंबर

धाकट्या,

काल कुंपणापलीकडचं तुझं नवं घर आतून बघितलं. छान आहे. पायऱ्यांना कठडा हवा होता, पण छान आहे.

आई सकाळपासून तयार होती. मी बॅग घेतली नाही, म्हटलं, "आधी बघून तर येऊ." पण तिनं औषधांचा डबा पर्समध्ये घातला होता, मला न सांगता. तुझ्या बायकोनं तिचा हात धरून सगळं दाखवलं, ती खरंच नीट वागली. खालच्या खोलीत आल्यावर आई भिंतीवरून हात फिरवत चालली. मग हाताला काहीतरी लोखंडी लागलं. तिनं ते खालून वरपर्यंत चाचपलं. "हे काय गं, पलंग?"

"नाही आई, ही जिमची खोली. हे पळायचं यंत्र," तुझी बायको म्हणाली. "पाहुण्यांची खोली वर आहे. तुम्ही कधीही या ना राहायला."

तू दारात उभा होतास. फोनकडे बघत होतास, पण फोनचा पडदा काळा होता.

आई म्हणाली, "छान आहे. हवेशीर आहे." आणि परत फिरली.

घरी आल्यावर तिनं स्वतःच बॅग उघडली आणि पातळं कपाटात लावायला लागली. मी मदतीला गेले तर हात झटकला. पाठमोरी राहूनच म्हणाली, "मला तिथं ओल जाणवली. नवी बांधकामं ओलीच असतात. माझे गुडघे धरतात ओलीनं. मीच नको म्हटलं त्याला."

मी म्हटलं, "बरं केलंस."

तिनं तसं म्हटलं नव्हतं, आणि तू काही विचारलं नव्हतंस. पण या घरात आता हेच खरं आहे. तू ते मोडू नकोस. कधी विषय निघालाच तर म्हण, हो आई, ओल आहे खरी.

आता बागेचं. थंडीत सूर्य खाली उतरतो, हे तुझ्या नकाशा काढणाऱ्याला ठाऊक असायला हवं होतं. ग्रहण नाही की ढग नाहीत, पण माझ्या अंगणात दिवसभर संध्याकाळ असते. सूर्य तुझ्या घरामागून उगवल्यासारखा करतो आणि घरामागेच मावळतो. चिनी गुलाब उघडत नाही, मिटलेलाच बसतो. बोगनवेलीला लांबच लांब फांद्या फुटल्यात, हिरव्यागार, फूल एक नाही. नर्सरीवालीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग आता सावलीतली लावा. नेचे देऊ?" मी फोन ठेवून दिला.

नेचे मी लावणार नाही. तू सावली नेलीस तेव्हा मी उन्हाची झाडं शिकले. आता ऊन नेलंस म्हणून पुन्हा पहिल्यापासून शिकत बसू, इतकी मी चांगली नाही.

माझ्याकडे ऊन उरलंय ते एकाच ठिकाणी, फाटकाबाहेर, रस्त्याकडेच्या पट्टीत. पूर्वेचं आहे, दुपारपर्यंत टिकतं. या आठवड्यात मी एकेक रोप मुळांच्या मातीसकट उचलून तिकडे हलवलं. बोगनवेल कुंपणाच्या खांबाला बांधली, बहुतेक जगेल. येणारे-जाणारे थांबतात, फांद्या मागतात, मी देते. आईनं दोन दिवस आतून हाका मारल्या, "अगं, फुलं कुठं गेली?" मग आज सकाळी तिची खुर्चीही बाहेर नेऊन ठेवली. मांडीवर शाल, पायात जाड बूट. लोक बोलतात तिच्याशी. तिला आवडतंय.

तुला यापुढे पत्र लिहिणार नाही. आपण शेजारी आहोत, शेजाऱ्यांना कोण पत्रं लिहितं?

फक्त एक काम कर. तुझ्या फाटकाचं वळण त्याच पट्टीला लागून आहे. सकाळी गाडी बाहेर काढताना हळू काढ. आई तिथं बसलेली असते.

ताई